बी-२७५ घेऊन यॉर्कशायरमधल्या जुन्या ट्रॅक्टरांच्या मेळाव्यांत: एप्रिल ते ऑगस्टच्या नोंदी

ट्रॅक्टर: इंटरनॅशनल बी-२७५, १९६२ सालचा. चार सिलिंडर, डिझेल, ३५ हॉर्सपॉवर. जागा: इंग्लंडमधल्या लीड्सच्या बाहेर भाड्याची अर्धी शेड. वेळ: शनिवार-रविवार, आणि मेनंतर संध्याकाळी. इथे जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत हातातला नट दिसतो, त्याचा मोठा आधार.

हाच ट्रॅक्टर का, तर आमच्या वाळवा तालुक्यातल्या घरी हाच होता. १९६३ मध्ये महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या भागीदारीत कंपनी काढली आणि बी-२७५ कांदिवलीला बनू लागला. तात्यांनी (माझे चुलते) त्यावर निम्मी हयात घालवली. त्यामुळे अडलं की फोन लावायला माणूस आहे, आणि काही पार्ट अजून सांगली-कराडकडच्या दुकानांत मिळतात. एक ध्यानात ठेवा: महिंद्राने पुढे इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचं केलं, तेच २७५ डीआय. जुनं इंग्लिश इंजिन ग्लो प्लगचं आहे (चालू करण्याआधी सिलिंडर तापवणारे विजेचे प्लग). म्हणजे मागच्या भागातलं सामान जुळेल, पण हेडवरचं (इंजिनच्या वरच्या भागातलं) जुळेलच असं धरून मागवू नका.

१३ एप्रिल

ट्रॅक्टर शेडमध्ये आला. १,८०० पौंड, आणून सोडायचे १२० वेगळे. विकणारा म्हणाला, "गेल्या वर्षीपर्यंत चालत होता." हे वाक्य इथेही आणि कराडच्या बाजारातही सारख्याच चेहऱ्याने म्हणतात.

स्थिती अशी. इंजिन ढकलस्टार्टवर लागतं, आवाज बरा, धूर थोडा. ब्रेक शून्य. मागची टायरं तडकलेली. बोनेटचा लाल रंग उडून गुलाबी झालाय, पण पत्रा शाबूत. मागच्या उजव्या रिमला व्हॉल्व्हभोवती पापुद्रे सुटलेत.

क्रम ठरवला: आधी स्टार्टिंग, मग ब्रेक, मग चाकं, मग डिझेलची लाइन. रंगाला हात लावायचा नाही. जूनमधल्या मेळाव्याची प्रवेशिका फेब्रुवारीतच एका मित्राच्या क्लबमार्फत भरून ठेवली होती, त्यामुळे तारीख हलणार नाही. तुम्हीही असं काही करणार असाल तर फॉर्म आधी भरा, कारण बऱ्याच ठिकाणी नोंदणी वसंतातच बंद होते.

२० एप्रिल

ग्लो प्लग. माझ्या ट्रॅक्टरवर जुन्या पद्धतीचे, एकामागे एक जोडलेले होते. एक मेला की चारही मेले. कुठला मेला ते कळायला प्लग काढत बसू नका. स्विच दाबून धरायला कुणाला तरी बसवा आणि मल्टिमीटरच्या दोन टोकांनी एकेका प्लगवर व्होल्टेज बघा. तुटलेल्या प्लगवर बॅटरीचे पुरे बारा दिसतात, बाकीच्यांवर काहीच नाही. माझा तिसरा होता.

एकच बदलून भागलं असतं, पण उरलेले तीन किती दिवस काढतील याची खात्री नव्हती. म्हणून बारा व्होल्टचे चार नवे घेतले आणि समांतर जोडले. तसं केलं की जुना रेझिस्टर आणि डॅशवरचा इंडिकेटर सर्किटमधून काढावा लागतो, आणि वायर जाड हवी. चारही मिळून चाळीस अँपिअरच्या घरात ओढतात, ते जुन्या स्विचला झेपत नाही. म्हणून रिले (मोठा करंट झेपणारा वेगळा स्विच) घातला. प्लग ४८, वायर-रिले २५ पौंड. सकाळच्या सहा अंश थंडीत वीस सेकंद तापवल्यावर पहिल्या फटक्याला लागला.

४ मे

ब्रेक. सगळ्यात जास्त वेळ यातच गेला, म्हणून सविस्तर.

या ट्रॅक्टरचे ब्रेक ड्रमचे नाहीत, डिस्कचे आहेत, आणि कोरडे. फूटप्लेटच्या आत दोन्ही बाजूंना ओतीव झाकणं आहेत. झाकण काढलं की आत लायनिंग लावलेल्या दोन डिस्क आणि त्यांच्या मध्ये दोन लोखंडी प्लेटांची जोडी. या प्लेटांमध्ये उतरत्या खोबणी आहेत आणि त्यांत पोलादी गोळ्या. पेडल दाबलं की प्लेटा एकमेकींवर थोड्या फिरतात, गोळ्या खोबणीच्या चढावर चढतात, प्लेटा फाकतात आणि दोन्ही डिस्कना बाहेरच्या बाजूला दाबतात. साधं आणि जबरदस्त, फक्त आत तेल आणि गंज जाता कामा नये.

माझ्यात दोन्ही गेले होते. ऑइल सील गळून लायनिंग काळं मिट्ट, आणि गोळ्या खोबणीत गंजून चिकटलेल्या.

काम करण्याआधी: १९६२ चं लायनिंग म्हणजे त्यात ॲस्बेस्टॉस असणार असंच धरा. हवेच्या नळीने फुंकू नका. पाणी मारून ओलं करा, मास्क लावा, फडकं पिशवीत बंद करून नगरपालिकेच्या ठरलेल्या जागी द्या. गावाकडे आपण हे तोंडाने फुंकत आलो, ते आठवून आता अंगावर काटा येतो.

बाजारात नवं लायनिंग लगेच मिळेना, म्हणून जुनंच धुऊन-वाळवून बघावं असा विचार होता. तात्यांना फोन केला.

"तात्या, लायनिंग पेट्रोलनं धुतलं तर चालेल का?"

"आरं, धुतलेलं लायनिंग चार दिस बरं वागतंय, मग उताराला दगा देतंय. तापलं की आतलं त्याल परत वर येतंय. नवंच घाल. मी बघतो कराडात."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातून फोटो पाठवला, शेजारी मोजपट्टी धरून. बाहेरचा व्यास आणि आतले दाते जुळले. चार डिस्क आणि सील मिळून साडेसहा हजार रुपये. भावाचा मित्र मँचेस्टरला येत होता, त्याच्या बॅगेतून आल्या. विमानतळावर त्याला काय काय उत्तरं द्यावी लागली ते तो अजून ऐकवतो.

१८ मे

डिस्क बसवल्या. दात्यांवर छान सरकतात, पण उजव्या बाजूचं झाकण बसेना, एका कडेला फट राहते. बोल्ट आवळून ओढून घ्यायचा मोह होतो. तसं करू नका, झाकण बिडाचं आहे, तडकेल. मोजलं तर उजव्या जोडीतल्या एका डिस्कचं लायनिंग किंचित जाड निघालं. जाड काचेवर पॉलिश पेपर अंथरून, डिस्क त्यावर गोल गोल फिरवत दोन्ही बाजूंनी घासली. दर थोड्या वेळाने कॅलिपरने चार जागी जाडी बघायची, नाहीतर तिरकी होते. अख्खा शनिवार त्यात गेला.

गोळ्या नव्या घेतल्या (६ पौंड, बेअरिंगच्या दुकानात मापावर मिळतात). खोबणीतले खड्डे बारीक पेपरने जेवढे गेले तेवढे घालवले. ग्रीस अगदी बोटाला लागेल एवढंच. तिथे भरभरून ग्रीस लावलं तर तापल्यावर ते थेट लायनिंगवर जातं.

संध्याकाळी शेडसमोरच्या उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये सोडला आणि पेडल दाबलं. डावं चाक आधी धरतं, उजवं किंचित मागून. उजव्या पेडलचा रॉड अर्धा फेरा आवळला, बरोबर झालं. दोन्ही पेडलं जोडणारी कडी मेळाव्याच्या मैदानात कायम लावलेली असू द्या. शेतात वळताना एका चाकाचा ब्रेक उपयोगी पडतो, गर्दीत तोच ट्रॅक्टर आडवा करतो.

२५ मे

चाकं. इथे थंडीत गोठू नये म्हणून मागच्या टायरात कॅल्शियम क्लोराइडचं पाणी भरायची जुनी रीत आहे. वजन मिळतं, पण ट्यूब जरा झिरपली की ते मिठाचं पाणी रिम खाऊन टाकतं. उजव्या रिमची व्हॉल्व्हभोवतीची जागा स्क्रूड्रायव्हरने टोचली तर आरपार. गंज कापून पट्टी वेल्ड करून घेतली, ९० पौंड. पाणी परत भरलं नाही. मेळाव्यात नांगर ओढायचा नाही, मग वजन कशाला?

जुन्या टायरवर ११-२८ लिहिलंय, नव्यावर १२.४/११-२८. मापात फरक नाही, नाव बदललंय. मागची जोडी ६४०, पुढची ११०, ट्यूब ६०. सगळ्यात मोठा खर्च हाच.

१ जून

डिझेलची टाकी. तळाला गंजाचे पापुद्रे, नळाच्या जाळीवर साचून धार बारीक होत होती. टाकी उतरवली, आत मूठभर बारीक साखळी आणि थोडं डिझेल टाकून हलवली, ओतली, परत हलवली. खांदे भरून आले. झाकणही गंजलेलं, म्हणून नवं मागवलं, ९ पौंड. तांब्याचे वायसर नवे न घेता जुनेच गॅसवर लाल करून पाण्यात टाकले. मऊ होतात आणि नव्यासारखे बसतात.

कागद: लॉगबुक (गाडीच्या नोंदणीचा कागद) जुन्या मालकाकडून मिळालं होतं. चाळीस वर्षांवरची गाडी 'हिस्टॉरिक' वर्गात जाते, कर शून्य. पण शून्याचा करसुद्धा दरवर्षी भरावा लागतो, म्हणजे अर्ज करावा लागतो. इथला मोटारीचा पूर्ण परवाना असेल तर रस्त्यावर ट्रॅक्टर चालवायला वेगळी परीक्षा नाही. विमा मात्र हवाच, मेळावेवाले त्याची प्रत मागतात. लाल डिझेलच्या (शेतीसाठीचं, कमी कराचं, रंग घातलेलं) भानगडीत पडलो नाही. २०२२ पासून त्याचे नियम कडक झालेत, मी पंपावरचं साधंच भरतो.

आतापर्यंत ट्रॅक्टर धरून तीन हजार पौंडांच्या आसपास गेले. घरात हा आकडा जरा कमी सांगितला आहे.

७ जून

ट्रेलरवर चढवणं. ट्रेलर भाड्याने, दिवसाला ६०. गाडी मित्राची, कारण माझी मोटार एवढं ओढत नाही. डिसेंबर २०२१ पासून इथल्या साध्या परवान्यावर साडेतीन टनांपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो, पण तुमच्या गाडीची क्षमता वेगळी बघा.

ट्रॅक्टर सरळ चढवला तर वजनाचा बोजा, म्हणजे मागचा ॲक्सल, ट्रेलरच्या शेपटाकडे राहतो. गाडीचा मागचा भाग उचलला गेला आणि रस्त्यावर जरा वेग घेताच ट्रेलर डुलायला लागला. पहिल्याच वळणावरून परत आलो. उलटा चढवला, मागची मोठी चाकं पुढे. उतरणीच्या फळीवर हे सुरक्षितही आहे, पुढचा भाग उचलायची भीती राहत नाही. हुकावरचा भार नीट आल्यावर चाकांच्या जागी ट्रेलरच्या फळीवर पांढऱ्या रंगाने रेघा मारल्या. पट्टे ॲक्सलला, चारही कोपऱ्यांतून. मडगार्ड, फूटप्लेट असल्या पत्र्याला पट्टा लावायचा नाही.

८ जून, न्यूबी हॉल

रिपनजवळच्या न्यूबी हॉलच्या हिरवळीवर ट्रॅक्टर फेस्ट. रांगाच रांगा. राखाडी फर्ग्युसन टीई-२० तर मोजायचं सोडून दिलं. १९४६ ते १९५६ या दहा वर्षांत कोव्हेंट्रीत ते पाच लाखांच्या वर बनले, त्यातले निम्मे इथेच आलेत असं वाटत होतं. त्यांच्यापलीकडे हडर्सफील्डजवळच्या मेल्थमचे डेव्हिड ब्राउन, मग निळे फोर्डसन मेजर.

माझ्या शेजारचा फोर्डसन आरशासारखा रंगवलेला. मालक दर अर्ध्या तासाने त्यावरून मऊ कापड फिरवी. माझ्यावर नुसता जवसाच्या तेलाचा बोळा फिरवलेला. मला काळजी होती की लोक नाक मुरडतील. उलट माझ्याकडे जास्त थांबत होते, आणि त्याचं कारण ट्रॅक्टर नव्हताच. फलकावर मी माहितीच्या कागदाशेजारी घरचा एक फोटो लावला होता. खंडेनवमीचा, बोनेटवर झेंडूची माळ, मडगार्डवर हळदकुंकू, शेजारी तात्या टोपी सावरत. "हा पण बी-२७५?" हा प्रश्न दिवसभर. एक आजोबा बराच वेळ उभे राहिले. ब्रॅडफर्डजवळ आयडलला जॉवेट मोटारींचा कारखाना होता, तो १९५४ मध्ये इंटरनॅशनलने घेतला. तिथे हे छोटे ट्रॅक्टर बनत तेव्हा ते कामाला होते म्हणे. फोटोत बोट घालून त्यांनी विचारलं, "एअर क्लीनर का बदललाय?" मला साठ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं की तात्यांनी तो बदललाय. फोन करून विचारलं. धुळीसाठी मोठा बसवला होता, दुसऱ्या ट्रॅक्टरचा.

उपयोगाच्या गोष्टी: गळणाऱ्या तेलाखाली ठेवायला ट्रे सक्तीचा, घरातला जुना भाजायचा ट्रे चालतो. आग विझवायचा सिलिंडर हवा. लोक आत असताना संध्याकाळपर्यंत ट्रॅक्टर हलवता येत नाही, तेव्हा "दुपारी निघू" असं घरी सांगू नका. डबा न्या. पोरांना सीटवर बसवायचं असेल तर इंजिन बंद आणि किल्ली खिशात.

२० जुलै, मॅशम

वाफेच्या इंजिनांचा मेळावा. ट्रॅक्टर म्हणजे इथे ताटातली चटणी. काही मोडलं नाही.

दिवसभरात एकच गोष्ट दोनदा जाऊन बघितली: फील्ड मार्शल चालू करणं. गेन्सबरोचा ट्रॅक्टर, सिलिंडर एकच, पण सहा लिटरचा. मालकाने सोऱ्यात भिजवलेल्या कागदाची सुरळी पेटवली, फुंकून फुलवली, होल्डरमध्ये खोचून हेडमध्ये फिरवून बसवली. मग बंदुकीच्या काडतुसासारखं एक काडतूस बाजूच्या खोबणीत. लोकांना मागे सरकवलं आणि पिनेवर हातोडी मारली. धाड्! फ्लायव्हील फिरलं, चिमणीतून काळा गोळा उडाला आणि मग एक-एक ठोका, दोन ठोक्यांमध्ये माणूस जांभई देईल एवढं अंतर. पुढचं चाक प्रत्येक ठोक्याला जागच्या जागी नाचत होतं. ग्लो प्लगबद्दल माझी तक्रार तिथेच संपली.

३ ऑगस्ट, पिकरिंग

रिंगणात बंद पडला. निवेदक नुकताच "भारतात आजही शेतावर" वगैरे सांगत होता, आणि इंजिन दोन आचके देऊन गप्प. एका फोर्डसनने साखळीने ओढून बाहेर काढलं. निवेदकाने त्यावर जो विनोद केला तो इंटरनॅशनलवाल्यांना आवडला नाही.

लक्षणं: डिझेल न मिळाल्यासारखं मरतो, दहा मिनिटं थांबलं की लागतो, परत मरतो. आधी फिल्टरवर संशय. बदलला. डिझेलच्या लाइनमधली हवा काढली, लागला, तंबूभोवती एक चक्कर मारली, परत बंद. मग गंज परत आला असणार म्हणून टाकीखालचा नळ खोलायची तयारी केली. तोवर दोन तास गेले होते.

हवा काढायचा स्क्रू फिल्टरवर उघडाच होता आणि त्यातून थेंबही येत नव्हता. टाकीत डिझेल किती ते काठी घालून बघावं म्हणून वरचं झाकण फिरवलं. सूंऽऽ करून हवा आत गेली आणि खाली स्क्रूमधून डिझेल माझ्या बोटांवरून वाहायला लागलं.

नव्या झाकणाला हवेचं भोकच नव्हतं. जुन्याला होतं, गंजाखाली झाकलेलं. डिझेल खाली जाईल तशी वर हवा यायला वाट नाही, टाकीत पोकळी होते आणि धार थांबते.

मग जूनमध्ये का नाही झालं? तेव्हा वजन कमी ठेवायला टाकी पाव भरलेली होती. वर हवा भरपूर, पोकळी व्हायला खूप वेळ लागतो. शिवाय काट्याऐवजी काठीने डिझेल बघायचं म्हणून झाकण सारखं उघडत होतो. पिकरिंगला येताना पंपावर टाकी गच्च भरली. वर हवा जेमतेम चार बोटं, तीत थोडं डिझेल कमी झालं की लगेच ओढ बसते.

शेजारच्याकडून ड्रिल घेतलं, झाकण टाकीवरून काढून दूर नेलं, दीड मिलिमीटरचं भोक पाडलं, कीस पुसून काढला. धूळ-पाणी जाऊ नये म्हणून भोकावर आतून स्पंजचा तुकडा तारेने बसवला. दुपारच्या रिंगणात दोन फेऱ्या न थांबता झाल्या. ज्यांनी झाकण विकलं त्यांना कळवलं, उत्तर आलं की "काही मॉडेलना व्हेंट लागत नाही." तुम्ही कुठलंही झाकण घ्या, आधी तोंडाने फुंकून बघा.

तात्यांना सांगितलं तर ते हसत सुटले. त्यांच्या ट्रॅक्टरचं झाकण १९८० च्या सुमारास हरवलं, तेव्हापासून टाकीच्या तोंडावर फडकं आहे.

२५ ऑगस्ट

वोल्ड्सच्या टेकड्यांत रोड रन. पन्नासेक ट्रॅक्टर एकामागे एक, ताशी वीस किलोमीटर, मागे मोटारींची रांग आणि तरी कुणी हॉर्न देत नाही, हे मला अजून पचत नाही. जमलेले पैसे एअर ॲम्ब्युलन्सला.

ब्रेक लांब उतारावर तापले, वास आला, पण धरत राहिले. खाली थांबून ब्रेकच्या झाकणांना हात लावला तर डावं उजव्यापेक्षा बरंच गरम. म्हणजे डावीकडे गोळ्या पूर्ण परतत नाहीत, डिस्क घासत राहते. परतीची स्प्रिंग ढिली असावी. घरी येऊन मोजली, उजवीपेक्षा लांब निघाली. नवी जोडी मागवली आहे, तात्यांमार्फतच.

लिफ्टचं (मागे अवजार उचलणाऱ्या हातांचं) काम राहिलंय. इंजिन बंद केलं की हात दहा मिनिटांत खाली बसतात. मेळाव्यात चालून गेलं, पण ऑक्टोबरच्या नांगरट स्पर्धेत जुन्या ट्रॅक्टरांच्या गटात नाव दिलंय आणि दोन फाळांचा नांगर १८० पौंडांना घेऊन ठेवलाय. पुढच्या शनिवारी आधी लिफ्टच्या सिलिंडरचा ओ-रिंग बघायचा. त्यात नसेल तर व्हॉल्व्ह खोलावा लागेल, आणि मग सप्टेंबर गेला.